पोटापुरती सिनरी आणि आपलं वावर

तालुक्याच्या गावी राहून निसर्गचित्रांवर पोट भरता येतं का, असं बारावीची पोरं विचारतात. येतं, पण कमाई आधी भिंतीवर होते, कागदावर फार नंतर. जिल्हा परिषद शाळांच्या बोलक्या भिंती, अंगणवाड्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, ही कामं फुटाच्या भावानं मिळतात. फ्लेक्सनं पाट्यांचा धंदा खाल्ला, भिंती तेवढ्या वाचल्या. डिस्टेंपरात स्टेनर कालवून भिंत रंगवणाऱ्याला हलकं समजू नका. मोठ्या ब्रशचा हात तिथंच बसतो.

गोम आहे ती नमुन्यात. दोन डोंगरांमधून सूर्य, खाली नदी, होडी, काठावर वाकलेला नारळ. यवतमाळ जिल्ह्यात नारळ मारुतीपुढं फुटतो, तेवढीच त्याची-आमची ओळख. तरी भिंतीवर तोच. मास्तरही तोच मागतात, पोरांनाही तोच येतो.

जगभर हेच चालतं. अमेरिकेतल्या थॉमस किंकेड या चित्रकारानं उजेडानं भरलेल्या खिडक्यांची टुमदार घरं रंगवली. त्या चित्रांच्या कॅनव्हासवर छापलेल्या प्रतींना कारागीर वरून हातानं रंग लावत आणि त्या मॉलमधल्या दुकानांत खपत. ‘पेंटर ऑफ लाइट’ हे बिरुदसुद्धा त्यानं ट्रेडमार्क करून घेतलं होतं. यूट्यूबवर तुम्ही बघता तो बॉब रॉस १९८३ ते १९९४ टीव्हीवर अर्ध्या तासात चित्र उरकायचा. त्यासाठी तेच चित्र आधी एकदा काढून बाजूला ठेवलेलं असे. रॉसला मी नावं ठेवणार नाही. एअर फोर्सच्या नोकरीत अलास्काचा बर्फ त्यानं स्वतः पाहिला होता. आपण तो मोबाइलवरून उचलतो आणि पुसदच्या हॉटेलात टांगतो.

उलट बाजूनं जॉन कॉन्स्टेबल हा इंग्रज निसर्गचित्रकार बघा. त्याचं ‘द हे वेन’ (गवताची गाडी) हे चित्र १८२१ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागलं, गिऱ्हाईक मिळालं नाही. १८२४ मध्ये पॅरिसला त्यालाच सुवर्णपदक मिळालं आणि पुढे ते बिस्किटांच्या डब्यांवरही छापलं गेलं. बाजारात गेलं म्हणून चित्र खोटं ठरत नाही, हे मी त्यावरून धरून चाललो आहे. १८२१-२२ च्या सुमारास कॉन्स्टेबल लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला नुसत्या ढगांचे अभ्यास करी आणि मागच्या बाजूला तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवी. ही सवय मात्र फुकट मिळते, घेऊन टाका.

आता आपल्या वावराचं, म्हणजे शेताचं. काळी माती म्हणून ट्यूबमधला काळा उचललात की चित्र मेलं. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) हे जलरंग मिसळा. मे महिन्यात भेगाळलेल्या रानाला पाणी जास्त घालून राखाडी ठेवा, पहिल्या पावसानंतर तेच मिश्रण दाट वापरा, निळसर अंगाचं. वेचणी संपल्यावर उभी राहिलेली पऱ्हाटी (कापसाची झाडं) तपकिरी वाटते, पण सकाळच्या तिरप्या उन्हात तिच्यात जांभळट लाल दिसतो. सागाला पावसाळ्यात शेंड्यावर पांढुरका फुलोरा येतो. सॅप ग्रीन हा ट्यूबमधला तयार हिरवा सरसकट फासणाऱ्याला तो कधीच दिसत नाही. उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत धुऱ्यावर (बांधावर) बसा. पंचेचाळीस अंशांत वॉश (पातळ रंगाचा थर) टाकेपर्यंत कागद कोरडा होतो. पाण्यात ग्लिसरीनचे दोन-चार थेंब टाकले तर थोडी सवड मिळते.

गिऱ्हाइकाचं म्हणणंही ऐकून घ्यावं, ते नेहमीच अडाणी नसतं. एका डॉक्टरसाहेबांना वेटिंग हॉलसाठी धबधबा पाहिजे होता. मी पऱ्हाटीचं वावर सुचवलं, तर म्हणाले, “पेशंटले बरं वाटलं पाह्यजे ना बाप्पा! वावर तं ते रोजच पाह्यतात.” बोलणं खोटं नव्हतं. त्यांना हवं होतं पाणी आणि हिरवळ. मग बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) टाकलेला नाल्यावरचा कोल्हापुरी बंधारा दाखवला, डिसेंबरातला: साचलेलं पाणी, कडेला गव्हाची कोवळी पाती, मागं फुलावर आलेली तूर. तेच चित्र लागलं. आता नंबराची वाट बघणारी मंडळी तो आपल्याच गावचा नाला म्हणून भांडतात.

शिक्षणाचं थोडक्यात सांगतो. शाळेतच एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा द्या. पुढं नागपूरचं शासकीय चित्रकला महाविद्यालय आहेच. शाळेत नोकरी करायची असेल तर आर्ट टीचर डिप्लोमाची चौकशी करा. डिग्रीनं हात सुधारतो, विक्री आपोआप होत नाही.

प्रिंट विकायच्या तर खुशाल विका, पण प्रिंट म्हणूनच. वरून दोन फटकारे मारून ‘हातचं आहे’ म्हणू नका; तालुका लहान असतो, दोन घरी एकच चित्र निघालं की बोभाटा होतो. आणि ऑर्डर घेताना निम्मे पैसे आधी घ्या, ओळखीच्या माणसाकडून तर नक्कीच.