दुब्रोव्हनिक कसं बघावं : दोन मुक्कामांचा बेत

क्रोएशियाच्या दक्षिण टोकाला, एड्रियाटिक समुद्रात पाय सोडून बसलेलं दुब्रोव्हनिक बहुतेक लोक चार-पाच तासांत उरकतात. क्रूझवरून उतरायचं, मुख्य रस्त्यावर फोटो काढायचे, आइस्क्रीम खायचं की परत जहाजावर. ते पाहून मला खरंच वाईट वाटतं. एका बाजूला व्हेनिस, दुसऱ्या बाजूला ऑटोमन साम्राज्य, आणि मधे हे एवढंसं प्रजासत्ताक. कुणाला खंडणी देऊन, कुणाशी तह करून त्यांनी आपला कारभार आपल्याच हातात ठेवला, तो थेट १८०८ साली नेपोलियनच्या फौजेनं मोडेपर्यंत. असं शहर बघायला किमान दोन रात्री हव्यातच.

महिना, व्हिसा, मुक्काम

जुलै-ऑगस्ट टाळा. मे महिना, किंवा सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचे दिवस उत्तम. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि त्याच दिवसापासून तिथे युरो चालतो. त्यामुळे शेंगेन व्हिसा पुरतो, पण अर्ज लवकर करा.

तटबंदीच्या आत राहायचा मोह होतो. मात्र स्ट्राडून या मुख्य रस्त्याच्या उत्तरेकडच्या गल्ल्या म्हणजे सरळ दगडी जिनेच आहेत. खोली ठरवण्याआधी घरमालकाला एकच प्रश्न विचारा : दारापर्यंत पायऱ्या किती? सोबत आई-बाबा असतील तर लापाड भागात राहा, तिथून जुन्या शहराच्या पिले वेशीपर्यंत शहर बस येते. विमानतळावरून शहराकडे येताना बसमध्ये डावीकडची खिडकी पकडा. समुद्र त्याच बाजूला असतो आणि उतारावरून अचानक खाली सगळं शहर दिसतं.

पहिल्या सकाळी तटबंदी

हा या सहलीचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. तटबंदीचा फेरा १९४० मीटरचा. काही ठिकाणी भिंत २५ मीटर उंच आहे. नुसतं चालायला तास पुरेल, पण दोन तास हाताशी ठेवा. फिरण्याची दिशा एकच, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. बहुतेक जण पश्चिमेच्या पिले वेशीपाशी चढतात. तुम्ही पूर्वेकडच्या प्लोचे वेशीजवळच्या दारानं चढा. तिथे गर्दी कमी असते आणि मिन्चेता बुरुजाची दमवणारी चढण ऊन तापायच्या आत संपते. त्यानंतर उतार, आणि मग समुद्राच्या कडेचा लांब पट्टा. त्या पट्ट्यावर सावली जवळजवळ नाही. पहिल्या खेपेला मी अकराच्या उन्हात, हातात अर्धी बाटली पाणी घेऊन वर गेले आणि निम्म्या वाटेत भोवळ येऊन खाली बसले. टोपी आणि भरलेली बाटली असल्याशिवाय चढू नका. दार उघडतं त्या वेळेलाच हजर राहा.

तिकीट महाग आहे. 'दुब्रोव्हनिक पास'ची किंमत आधी पाहा, कारण त्यात तटबंदी, रेक्टरचा राजवाडा आणि बसप्रवास असं सगळं येतं.

मिन्चेतावर पोहोचलात की लगेच कॅमेरा काढू नका. खाली छपरं बघा. बरीचशी कौलं तजेलदार नारिंगी, एकसारखी. त्यांच्या मधे मधे काही छपरांवर फिक्या, पिवळसर-तपकिरी, उन्हानं विटलेल्या कौलांचे तुकडे दिसतील. ती जुनी कौलं वाचलेली आहेत. नारिंगी आहेत ती क्रोएशियाच्या स्वातंत्र्ययुद्धात, १९९१-९२ मध्ये युगोस्लाव्ह सैन्यानं शहराला घातलेल्या वेढ्यानंतर बसवलेली. ६ डिसेंबर १९९१ चा तोफमारा सगळ्यात भीषण होता. कुठल्या घरावर काय झालं याचा नकाशा खाली वेशीजवळ लावला आहे. तो आधी वाचून वर गेलात तर छपरं वेगळीच दिसतात.

दुपारी शहराबाहेर

अकरा ते चार या वेळात जुन्या शहरात थांबू नका, जहाजांची सगळी गर्दी तेव्हाच असते. जुन्या बंदरातून लोक्रुम बेटाची बोट घ्या, पंधरा मिनिटांत पोहोचाल. तिथे झाडांची गार सावली आहे, जुना बेनेडिक्टाइन मठ आहे आणि मोर मोकळे फिरतात. बेटावर मुक्कामाची सोय नाही, म्हणून शेवटच्या बोटीची वेळ उतरतानाच विचारून घ्या. हिवाळ्यात बेट बंद असतं.

संध्याकाळी सुर्ज डोंगर. उंची ४१२ मीटर. केबल कारनं वर जा, सूर्यास्ताच्या तासभर आधी. वरच्या फ्रेंच किल्ल्यात त्या स्वातंत्र्ययुद्धाचं संग्रहालय आहे.

दुसऱ्या दिवशी दगड वाचा

सकाळी सातला स्ट्राडूनवर या. रस्त्याचा चुनखडी दगड पावलांनी इतका गुळगुळीत झालाय की ओल असेल तर चप्पल सटकते, म्हणून पकड असलेले बूट घाला. पिले वेशीच्या आत ओनोफ्रिओचं गोल कारंजं आहे. पंधराव्या शतकात सुमारे १२ किलोमीटरवरून पाणी आणून बांधलेलं. १६ कोरीव मुखांतून पाणी पडतं, पिण्याजोगं आहे, बाटली तिथेच भरा.

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला ओरलांडोचा स्तंभ, १४१८ सालचा. या दगडी योद्ध्याच्या कोपरापासूनचा हात ५१.२ सेंटिमीटरचा, आणि तेच शहराचं कापड मोजायचं माप. आपल्याकडेही कापड हातानं मोजत. इथे तो हात चौकातच उभा केला, म्हणजे व्यापाऱ्याला माप मारता येऊ नये. शेजारच्या स्पोन्झा राजवाड्यात जकातघर होतं. तिथल्या लॅटिन लेखाचा अर्थ असा : आमची वजनं फसवू देत नाहीत, मी माल तोलतो तेव्हा देव मला तोलत असतो. शेजारी रेक्टरचा राजवाडा. रेक्टर म्हणजे राज्याचा प्रमुख, पण मुदत फक्त एक महिना.

प्लोचे वेशीबाहेर लाझारेती ही लांबट दगडी वखारीसारखी इमारत चुकवू नका. साथीच्या गावाहून आलेल्यांना ३० दिवस शहराबाहेर ठेवायचं, असा कायदा या शहरानं १३७७ मध्येच केला होता. पुढे त्याच कामासाठी ही इमारत उभी राहिली.

खाणं

मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. शाकाहारी असाल तर 'बेझ मेसा', म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करा. मासेही नकोत हे वेगळं सांगा. 'ब्लित्वा' मागवा : पालकासारखी पालेभाजी, बटाटा, लसूण, ऑलिव्ह तेल. स्ट्राडूनवर बसण्यापेक्षा गुंडुलिच चौकातल्या सकाळच्या बाजारातून अंजीर आणि साखरेत मुरवलेली संत्र्याची साल घ्या. गल्ल्यांमधून जाताना आवाज मात्र कमी ठेवा. दोऱ्यांवर वाळणारे कपडे दिसतील, तिथे अजून माणसं राहतात, आणि दरवर्षी ती कमी होत आहेत.

फेब्रुवारीत जाता आलं तर ३ तारीख साधा. शहराचा रक्षक संत व्लाहो याचा उत्सव असतो, स्ट्राडूनवरून निशाणं आणि मिरवणूक जाते. हाच संत गोव्यात साव ब्राझ म्हणून ओळखला जातो. जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला त्याच्या नावाचं चर्च आहे, आणि क्रोएशियातले अभ्यासक त्याचा संबंध तिथे आलेल्या दुब्रोव्हनिकच्या व्यापाऱ्यांशी जोडतात. विमानाचं तिकीट जमेपर्यंत गवंडाळीची फेरी तरी करता येईल.