अमेरिकेचं भांडण घरच्या ग्रुपवर आलं की काय करावं

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साताऱ्याचे, पुण्याचे आणि अमेरिकेतले असे सगळे आहेत. भाचा डॅलसला, पुतणी न्यू जर्सीत. भाच्याला ट्रम्प पटतात, पुतणीला त्यांचा फोटोसुद्धा सहन होत नाही, आणि आमचे हे सदर बझारातल्या गॅलरीत बसून दोघांनाही सल्ले देतात. गणपतीचे फोटो, तब्येतीची चौकशी, आणि मध्येच गर्भपात, बंदुका, व्हिसा. एकदा पेटलं की आठवडा आठवडा कुणी कुणाला 'शुभ सकाळ' पाठवत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. नागरिकशास्त्र शिकवलं, आणि जावळी-पाटणच्या वाड्यांवर निवडणुकीच्या ड्युट्याही केल्या. त्या कामात एक सवय लागते: कोण किती तावातावाने बोलतंय ते सोडायचं, अधिकार कुणाचा आणि कागदावर सही कुणाची ते बघायचं. अमेरिकेतल्या वादांनाही मी तेच लावते. कोण बरोबर, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, हे ठरवतं कोण?

तेव्हा एखादी अर्धी राहिलेली वही घ्या आणि पाच रकाने आखा: राष्ट्राध्यक्ष, संसद, सुप्रीम कोर्ट, राज्य, काउंटी (म्हणजे राज्याखालचा, आपल्या जिल्ह्यासारखा भाग). ग्रुपवर बातमी आली की ती कुठल्या रकान्यात बसते ते आधी लिहा. ते लिहिता येत नसेल तर बातमी अर्धवट आहे. पुढे पाठवू नका.

गर्भपाताचा वाद घ्या, म्हणजे रकाने कसे भरायचे ते कळेल. १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टाने 'रो विरुद्ध वेड' खटल्यात गर्भपाताचा हक्क देशभर मान्य केला. जून २०२२ मध्ये त्याच कोर्टाने तो निकाल फिरवला. त्याने गर्भपातावर देशभर बंदी आली, असं आमच्या ग्रुपवर अजूनही कुणीतरी लिहितं. तसं झालं नाही. विषय कोर्टाच्या रकान्यातून राज्याच्या रकान्यात गेला. म्हणून भाच्याच्या टेक्सासात जवळपास पूर्ण बंदी आहे आणि पुतणीच्या न्यू जर्सीत कायद्याने संरक्षण आहे. दोघं आपापल्या राज्यातलं खरंच सांगत असतात आणि एकमेकांना खोटं ठरवतात.

आणि राज्याच्या रंगावरून, म्हणजे ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाचं लाल की डेमोक्रॅटांचं निळं यावरून, माणसाचं मत ओळखायला जाऊ नका. कॅन्सस हे रिपब्लिकनांचं पक्कं राज्य. राष्ट्राध्यक्षपदासाठी तिथे डेमोक्रॅट उमेदवार शेवटचा जिंकला तो १९६४ मध्ये. पण ऑगस्ट २०२२ मध्ये गर्भपाताचा हक्क त्या राज्याच्या स्वतःच्या घटनेतून काढायचा का, असा थेट कौल घेतला तेव्हा तिथल्या मतदारांनी ठामपणे नाही म्हटलं. ओहायोत ट्रम्प तिन्ही वेळा जिंकले, तरी तिथे नोव्हेंबर २०२३ मध्ये हा हक्क उलट राज्याच्या घटनेत घातला गेला. लाल-निळे रंग तर पक्षांना कायमचे चिकटले तेच २००० च्या निवडणुकीनंतर. त्याआधी टीव्हीवाले आलटून पालटून वापरत.

बंदुकीच्या वादात रकाना वेगळा. आपल्याकडे परवान्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करून वाट बघत बसावं लागतं, हक्क वगैरे काही नाही. तिथे १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती आहे, आणि २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिचा अर्थ लावला की घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा प्रत्येकाचा व्यक्तिगत हक्क आहे. 'इतकी मुलं मेली तरी कायदा का करत नाहीत?' असं आपण चटकन विचारतो. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हुकच्या शाळेत २० लहान मुलं मारली गेली. चार महिन्यांनी बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी जास्त ठिकाणी तपासावी, एवढाच प्रस्ताव सेनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात आला. शंभरपैकी ५४ मतं बाजूने पडली, तरी तो नामंजूर झाला. कारण तिथल्या रिवाजाने बहुतेक कायद्यांवरची चर्चा थांबवायलाच ६० मतं लागतात. शिवाय प्रत्येक राज्याला दोनच सेनेटर: पावणेचार कोटींवर माणसं असलेल्या कॅलिफोर्नियाला दोन आणि सहा लाखही नसलेल्या वायोमिंगलाही दोन. छोट्या राज्यांचा आवाज दबू नये म्हणून हे केलं, असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, ही कसली लोकशाही. हा हिशेब कळला की राग कुणावर धरायचा ते तरी ठरवता येतं.

आता माझा आवडता भाग, निवडणूक. इथे जरा थांबते.

आपल्या डोक्यात निवडणूक म्हटलं की निवडणूक आयोग. साहित्य वाटप, सकाळचा मॉक पोल, बोटाला शाई, शेवटी १७-सी, म्हणजे नोंदलेल्या मतांच्या हिशेबाचा फॉर्म, भरून एजंटांच्या हाती प्रती. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच पद्धत. अमेरिकेत असा आयोगच नाही. तिथला फेडरल इलेक्शन कमिशन फक्त प्रचाराच्या पैशाचा हिशेब बघतो. मतदान घेणं, मोजणं, यादी ठेवणं हे राज्याचं आणि त्याखालच्या काउंटीचं काम, आणि काउंट्या तीन हजारांवर. टपाली मत कधी उघडायचं, ओळखपत्र लागतं का, मतदान किती दिवस आधी सुरू होतं, सगळं राज्यागणिक वेगळं.

हे माहीत नसलं की २०२० च्या ट्रम्प-बायडन निवडणुकीसारखं होतं. कोविडमुळे त्या वर्षी टपाली मतं प्रचंड. ट्रम्प आपल्या लोकांना टपालावर विसंबू नका सांगत होते, म्हणून ती मतं डेमोक्रॅटांकडे झुकलेली. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने टपाली लिफाफा मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आत उघडताच येत नाही. मग केंद्रावरची मतं आधी आली, ट्रम्प पुढे दिसले. पुढचे दिवस टपाली मोजली गेली आणि बायडन पुढे गेले. मोजणीच्या टेबलावर बसलेल्याला यात नवल वाटत नाही. पण 'रात्रीत मतं घुसवली' असा व्हिडिओ आपल्या ग्रुपवरसुद्धा फिरला. त्यानंतर साठेक खटले झाले, निकाल बदलला नाही. जॉर्जियात फरक बारा हजारांच्याही आत होता, तिथे सगळ्या मतपत्रिका हाताने मोजून पाहिल्या, तरी बायडनच जिंकले. तरीही ६ जानेवारी २०२१ ला ट्रम्प-समर्थकांचा जमाव संसदेच्या इमारतीत शिरला, आणि जानेवारी २०२५ मध्ये परत सत्तेवर आल्याच्या दिवशीच ट्रम्पनी त्या प्रकरणातल्या सुमारे दीड हजार जणांना माफी दिली. यावर माझं मत स्पष्ट आहे: निकाल मोजणीने लागतो आणि तो लागला होता. भाच्याला मी हे एकदाच सांगितलं. रोज सांगत नाही.

ओळखपत्राच्या वादात मात्र दोन्हीकडचं ऐका. आपल्याला वाटतं, कार्ड दाखवायला काय जातंय? पण तिथे आपल्यासारखं सरकारने घरपोच दिलेलं मतदार कार्ड नाही. बहुतेकांचं चालतं ते ड्रायव्हिंग लायसन्सवर, आणि ते गरीब, म्हाताऱ्या माणसांकडे नसतंच असं नाही, पण कमी असतं. शिवाय दक्षिणेतल्या राज्यांनी काळ्या नागरिकांना मत देता येऊ नये म्हणून वाचन-परीक्षा आणि मतदानाचा कर लावला होता. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने त्याला चाप बसला. ती आठवण घरोघरी जिवंत आहे. ओळखपत्र मागणारे म्हणतात, यादीवर विश्वास हवा तर पडताळणी हवीच. ड्युटी केलेली बाई म्हणून मला हे म्हणणंही पटतं. पुतणीला माझं हे आवडत नाही.

५३८ आणि २७० हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. राष्ट्राध्यक्ष थेट मतांनी निवडला जात नाही. राज्याराज्यांतून निवडलेल्या प्रतिनिधींच्या ५३८ मतांपैकी २७० लागतात. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटनना देशभरात अठ्ठावीस लाखांवर मतं जास्त होती, तरी त्या हरल्या. २०२४ मध्ये ट्रम्पना दोन्हीकडे आघाडी होती. ग्रुपवर कुणी 'जनतेने निवडून दिलं' म्हटलं तर कुठल्या वर्षाबद्दल बोलतोय ते विचारा.

मतदारसंघांची आखणी साताऱ्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला दोन मिनिटांत कळेल, कारण ते बांध कोरणंच आहे. आपल्याकडे त्यासाठी परिसीमन आयोग असतो. तिथे बहुतेक राज्यांत विधिमंडळच रेषा आखतं, म्हणजे ज्याला जिंकायचंय तोच बांध सरकवतो. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पक्षाच्या फायद्यासाठी केलेल्या आखणीत केंद्रीय कोर्टं पडणार नाहीत. २०२५ मध्ये टेक्सासात रिपब्लिकनांनी जनगणनेची वाट न बघता रेषा बदलल्या, उत्तरादाखल कॅलिफोर्नियात डेमोक्रॅटांनी मतदारांचा कौल घेऊन त्यांच्या बदलल्या. इथे दोघंही सारखेच. भाचा आणि पुतणी यांना एका ओळीत बसवायला हा विषय फार उपयोगी पडतो.

आपले पक्ष त्यांच्यावर चिकटवू नका, हे तर अगदीच. आमचे हे नेमकं तेच करतात. गुलामगिरी संपवणारा लिंकन रिपब्लिकन होता, आणि खटाव तालुक्यातल्या कटगुणचं मूळ असलेल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केली. पण १९६४ चा नागरी हक्क कायदा सही होऊन आला तो डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या हातून, आणि त्यानंतर दक्षिणेतला गोरा मतदार हळूहळू रिपब्लिकनांकडे गेला. तेच नाव, माणसं वेगळी.

आपल्या मुलांच्या पोटाचा प्रश्न आला की सगळेच जास्त पेटतात. नोकरीच्या एच-वन-बी व्हिसाच्या वर्षाला ८५,००० जागा. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं ते राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने. म्हणजे रकाना पहिला, आणि तसा आदेश कोर्टात जातोच. हा वाद दोन पक्षांमधला आहे असंही समजू नका: डिसेंबर २०२४ मध्ये ट्रम्प यांचे समर्थकच यावर आपसात भिडले होते. जातीचा विषयही तिथे पोचलाय. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने जातीवरून भेदभावाला बंदी केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या तसल्याच विधेयकावर डेमोक्रॅट गव्हर्नर न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला. दोन्ही वेळा आपलेच लोक दोन्ही बाजूंनी उभे होते. या विषयावर ग्रुपवर नको, फोनवर बोला.

बोलायची वेळही ठरवा. रविवारी सकाळी आठला इथे चहा होतो तेव्हा डॅलसला शनिवारची रात्र असते, माणूस निवांत असतो. 'तू कुणाला मत दिलंस?' असं विचारू नका. ग्रीन कार्डवाल्याला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मतच नसतं, आणि ते त्याच्या मनाला लागतं. 'तुमच्या स्कूल बोर्डाने यंदा काय ठरवलं?', 'घराचा टॅक्स किती वाढला?' असं विचारा. मी हे विचारायला लागल्यापासून भाचा अर्धा अर्धा तास बोलतो, आणि त्याच्या काउंटीबद्दल तो कुठल्याही चॅनेलपेक्षा खरं सांगतो.

ग्रुपमध्ये कुणी तिथे शिकायला जाणारं असेल तर त्याला राजकीय पोस्टमध्ये टॅग करू नका. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्याची सोशल मीडियावरची खाती तपासतात. काकांचा विनोद त्याच्या खात्यावर कशाला?

आणि दर दोन वर्षांनी नोव्हेंबरात, पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी, खालच्या सभागृहाच्या सगळ्या ४३५ जागांची निवडणूक असते, ती कॅलेंडरवर खूण करून ठेवा. पूर्वेकडचं मतदान आपल्या बुधवारी पहाटे साडेचार-साडेपाचच्या सुमारास संपायला लागतं. तेव्हा उठू नका. फ्लोरिडा लवकर मोजतं, पेनसिल्व्हेनिया उशिरा, कॅलिफोर्नियाला तर आठवडे लागतात. आठ वाजता चहा घेताना कोण पुढे आहे ते बघण्याआधी टपाली मतं किती मोजायची राहिलीत ते बघा, आणि तोच आकडा ग्रुपवर टाका.