पेट्रोलची रिमोट बोट पहिल्यांदा पाण्यात सोडताय? या चुका टाळा

नवी बोट दोन फेऱ्या मारते, तळ्याच्या मध्यावर गप्प होते, कशीबशी काठाला आणली जाते. मालक खिशातून बारीक स्क्रूड्रायव्हर काढतो आणि कार्ब्युरेटरच्या सुया, म्हणजे पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारे स्क्रू, फिरवायला लागतो. हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलंय की आता लांबूनच ओरडतो, "थांबा, सुईला हात लावू नका!" कारण पाच मिनिटांनी मूळ दोष तसाच राहिलेला असतो आणि चांगलं सेटिंगही हातचं गेलेलं असतं. बंद पडलेल्या बोटींपैकी फार थोड्यांचा आजार सुईत असतो. बहुतेक वेळा नळी, ग्रीस, पाणी किंवा बॅटरी यांपैकी कशात तरी गडबड असते. या लेखातही म्हणूनच सुई शेवटी येते.

आधी नावाचा एक घोळ. या छंदात हिला सगळे 'गॅस बोट' म्हणतात. इथे गॅस म्हणजे पेट्रोल, सिलिंडरमधला गॅस नव्हे. साधारण २६ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन असतं, गवत कापायच्या यंत्रातल्या इंजिनाचं सख्खं भावंड, फक्त पाण्याने थंड होणारं. दोरी ओढली की सुरू. नायट्रो इंजिनापेक्षा (मिथेनॉल-नायट्रोमिथेनच्या इंधनावर चालणाऱ्या) ते टिकाऊ असतं आणि इंधनही खूप स्वस्त पडतं. पण पाण्यावर ही बोट ताशी ६०-७० किलोमीटरने सुटते, तेव्हा तिला खेळणं समजू नका.

नायट्रोचं सामान पेट्रोलला लावणं

नायट्रोकडून पेट्रोलकडे आलेले लोक ही चूक हमखास करतात. नायट्रोच्या टाकीला सिलिकॉनची नळी आणि सिलिकॉनचं बूच चालतं, पेट्रोलला चालत नाही. माझ्या पहिल्या बोटीत मी तीच नळी वापरली होती. पहिल्या दिवशी सगळं ठीक. दुसऱ्या आठवड्यात बोट थोडं पळून धापा टाकायला लागली. टाकी उघडली तर आतली नळी फुगून शेवयासारखी मऊ झालेली, टोकाचा वजनदार फिल्टर गळून टाकीच्या कोपऱ्यात पडलेला. टाकी अर्धी भरलेली आणि इंजिन हवा ओढतंय! सुया मात्र मी तोवर तीनदा फिरवून झालो होतो.

इंधनासाठी पेट्रोल सोसणारी, टायगॉनसारखी नळी घ्या आणि टाकीचं बूचही पेट्रोलचंच घ्या. सिलिकॉन नळी थंड पाण्याच्या लाइनला बिनधास्त वापरा, तिथे ती उत्तम. पेट्रोलची नळीही काही काळाने कडक होते. वाकवल्यावर चिरा दिसल्या किंवा इंजिन चालू असताना नळीत बुडबुडे धावताना दिसले, तर आधी ती बदला.

याच जातीची आणखी एक चूक म्हणजे बोट तरंगावी म्हणून पोटात थर्माकोल भरणं. पेट्रोल सांडलं की थर्माकोल विरघळून चिकट लगदा होतो. पोहायला शिकवताना वापरतात ते पॉलिथिनचे लांब फोमचे दांडे कापून भरा. आणि भराच, कारण बोट कधी ना कधी उलटणार आहे.

तेलाचा अंदाज डोळ्याने घेणं

टू-स्ट्रोकमध्ये वंगणासाठी वेगळी सोय नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेल हेच सगळं वंगण. नव्या इंजिनाला २५:१ ठेवा, म्हणजे लिटरला ४० मिली चांगलं टू-स्ट्रोक तेल. मोजायला सिरिंज किंवा मापाचं भांडं घ्या. मिश्रण महिनाभरापेक्षा जुनं असेल तर वापरू नका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल शोषतं आणि कार्ब्युरेटरमधले पातळ पडदे कडक करतं, म्हणून ते टाकीत किंवा कार्ब्युरेटरमध्ये साठवून ठेवू नका.

स्टँडवर उगाच रेस करणं

इंजिनाला थंड करणारं पाणी बोट पळायला लागल्यावर येतं. रडरच्या (सुकाणूच्या) किंवा तळाच्या छिद्रातून ते वेगाच्या दाबाने वर चढतं, सिलिंडरभोवती फिरतं आणि बाजूच्या नळीने बाहेर पडतं. स्टँडवर यातलं काहीच घडत नाही. त्यामुळे कोरड्यात इंजिन २०-३० सेकंदांच्या वर चालवू नका आणि मित्रांना आवाज ऐकवण्यासाठी पूर्ण रेस तर मुळीच देऊ नका. भार नसताना फेरे बेसुमार वाढतात, प्रॉपेलर फिरवणारा शाफ्टही कोरडा घासतो.

पाण्यात सोडायच्या आधी पाणी शिरतं त्या टोकाला तोंड लावून फुंका. बाहेरच्या टोकाला हवा मोकळी आली पाहिजे. बोट पळत असताना बाजूने धार दिसायला हवी. धार बंद दिसली तर लगेच काठाला आणा. बहुतेक वेळा शेवाळाचा तंतू किंवा पानाचा तुकडा अडकलेला निघतो. इंजिनाजवळ घट्ट दुमडलेली नळी हाही नेहमीचा गुन्हेगार.

फ्लेक्स शाफ्टला विसरणं

नव्या लोकांचं सगळं लक्ष इंजिनावर असतं आणि बोट थांबते शाफ्टमुळे. इंजिनापासून प्रॉपेलरपर्यंत ताकद नेणारी ही तारांची वळलेली लवचिक केबल, साधारण सव्वासहा मिलिमीटर जाडीची. ती पितळी नळीतून वाकून जाते आणि मिनिटाला हजारो फेरे घेते. तिथे ग्रीस नसेल तर काय होतं ते एकदा बघाच: केबल बाहेर ओढली की मधला भाग निळसर-काळा पडलेला दिसतो, हाताचं बोट फिरवलं की तुटलेल्या तारेची टोकं काट्यासारखी टोचतात. अशी केबल पुढच्या फेरीला पिळून तुटते आणि भार एकदम गेल्यामुळे इंजिन किंचाळतं.

म्हणून पाण्याला टिकणारं मरीन ग्रीस लावा, आणि ते रोज. दिवस संपला की केबल बाहेर काढायची, पुसायची, पूर्ण लांबीला ग्रीस चोळून परत सरकवायची. दहा मिनिटांचं काम आहे, पण या छंदातलं दुसरं कुठलंही काम इतकी परतफेड करत नाही असं माझं ठाम मत आहे.

आता एका फटीबद्दल. मागे प्रॉपेलरला धरणारा खाचेचा तुकडा आणि त्याच्या पुढचा स्ट्रट (बोटीच्या मागे शाफ्टला धरणारा आधार) यांच्यात ५-६ मिलिमीटर मोकळी जागा ठेवावी लागते. बघणाऱ्याला वाटतं, काहीतरी सैल राहिलंय, आणि तो सगळं घट्ट सरकवून आवळतो. पण भार आला की केबल पिळली जाते आणि आखडते. फट नसेल तर तो तुकडा स्ट्रटवर दाबून घासतो, बुश जळतं, इंजिनावर ब्रेक लागल्यासारखं होतं. बोट जोर दिल्यावर दमते आणि मालक पुन्हा सुयांकडे वळतो. शिवाय केबलचा पीळ एकाच दिशेच्या भारासाठी असतो. बदली केबल घेताना पीळ जुन्याशी ताडून पाहा, उलट पिळाची केबल भाराने उकलते.

प्रॉपेलरबद्दल थोडक्यात: बोटीबरोबर सुचवलेल्या मापापासून सुरुवात करा. मोठा लावून वेग वाढतोच असं नाही, इंजिन मात्र नक्की तापतं. धार काढलेला प्रॉपेलर सुरीसारखा कापतो, त्यामुळे इंजिन चालू असताना हात तिकडे जाताच कामा नये.

फेलसेफवर आंधळा भरवसा

बोटीतल्या रिसीव्हरला रिमोटचा सिग्नल मिळेनासा झाला तर थ्रॉटल आपोआप बंद व्हावा, यासाठी फेलसेफ असतो. पण तो अनेक रेडिओंमध्ये आपल्याला भरावा लागतो. इंजिन बंद ठेवून बोट स्टँडवर घ्या, रिमोटवर थोडा थ्रॉटल द्या आणि रिमोट बंद करा. कार्ब्युरेटरची झडप मिटली तरच बोट पाण्यात जाईल. दिशाही तपासा. थ्रॉटल उलटा लागला असेल तर दोरी ओढताक्षणी इंजिन पूर्ण रेस घेतं.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: फेलसेफला करंट लागतो. बोटीतली बॅटरी मेली किंवा कनेक्टर निसटला, तर सर्वो (थ्रॉटल किंवा रडर हलवणारी छोटी मोटर) जिथे होता तिथेच थिजतो. पूर्ण थ्रॉटलवर थिजला तर बोट काठावरच्या माणसांकडेही येऊ शकते. म्हणून इंजिनाची ठिणगी तोडणारा वेगळा किल स्विच बसवा, करंट गेला तरी इंजिन बंद करेल असा. बॅटरी दर वेळी चार्ज करून न्या. रडरचा सर्वो ताकदवान घ्या, लहान मोटारीतला हलका सर्वो या पाण्याच्या दाबापुढे टिकत नाही. आणि रिसीव्हर स्पार्क प्लगच्या वायरपासून लांब ठेवा. प्लग रेझिस्टरचाच, म्हणजे ठिणगीचा रेडिओला होणारा त्रास रोखणाराच हवा: एनजीकेचा सीएमआर ७ एच या इंजिनांत सर्रास वापरतात, त्यातला 'आर' तोच. साधा प्लग लावला की सर्वो थरथरायला लागतात आणि लोक रेडिओला नावं ठेवतात.

डावीकडे झपकन वळणं

रेसच्या ढाच्याच्या बहुतेक बोटींचा रडर उजव्या बाजूला असतो आणि त्या उजव्या वळणासाठी बांधलेल्या असतात. शर्यतीही घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच होतात. पूर्ण वेगात डावीकडे जोरात वळवलं की बोट पलटी! पहिले काही दिवस उजवीकडेच फिरा आणि वळणाआधी थ्रॉटल कमी करा.

झाकणाच्या चारी कडांना पाणी आत न येऊ देणारी टेप लावायला विसरू नका, कडा पुसून कोरडी करूनच लावा. ग्रीसवर टेप धरत नाही.

उलटलेल्या बोटीच्या इंजिनात पाणी गेलं असेल तर दोरी ओढू नका. पाणी दाबलं जात नाही, जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आधी प्लग काढा, बोट उलटी धरा, मग दोरी ओढून पाणी बाहेर फेका. प्लग कोरडा करून लावा आणि त्याच दिवशी इंजिन चालवा. तसंच ठेवून घरी गेलात तर काही दिवसांत बेअरिंगला गंज धरतो.

आता सुई

इंधनाच्या नळीत बुडबुडे नाहीत, पाणी फिरतंय, शाफ्ट हाताने मोकळा फिरतोय, प्लग ठिणगी देतोय, कार्ब्युरेटरचे बोल्ट घट्ट आहेत. एवढं तपासल्यावरच स्क्रूड्रायव्हर काढा. कार्ब्युरेटर काढून परत बसवला असेल तर गॅस्केटही बघा. या कार्ब्युरेटरचा पंप क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या बंद भागातल्या) दाबाच्या ठोक्यांवर चालतो आणि तो दाब एका बारीक छिद्रातून येतो. गॅस्केट उलटं बसलं की छिद्र झाकलं जातं, पंप पेट्रोल ओढेनासा होतो.

'एल' सुई कमी फेऱ्यांची, 'एच' पूर्ण वेगाची. दोन्ही हलकेच बंद करा (आवळू नका, टोक खराब होतं) आणि उघडा: 'एल' साधारण सव्वा फेरा, 'एच' दीड. तिथून पुढे एका वेळी फेऱ्याचा आठवा भाग, आणि एका वेळी एकच सुई. थ्रॉटल देताच इंजिन गुदमरून मरत असेल तर 'एल' थोडी उघडून बघा. 'एच' मात्र पाण्यातच लावायची. स्टँडवर भार नसतो, तिथे छान वाटणारं सेटिंग पाण्यात लीन निघतं.

लीन म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. यात तापमान वाढतं आणि पेट्रोलबरोबर येणारं तेलही कमी होतं, अशी दुहेरी मार बसते. आवाज पातळ, टोकदार होत जातो, बोट क्षणभर नेहमीपेक्षा वेगवान वाटते आणि मग पिस्टन पकडतो. रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असेल तर घरघर, जास्त धूर आणि सुस्ती, पण इंजिन जिवंत राहतं. शिकताना थोडं रिचच ठेवा. पूर्ण वेगाच्या फेरीनंतर किल स्विचने इंजिन बंद करून प्लग बघा: फिकट तपकिरी असेल तर ठीक, पांढरट असेल तर 'एच' उघडा, काळा-ओला असेल तर किंचित बंद करा.

बोट बेडकासारखी पुढे-मागे उड्या मारत असेल तर वजन फार मागे आहे किंवा स्ट्रटचा कोन चुकलाय. डावी-उजवीकडे डुलत असेल तर स्ट्रटची खोली आणि ट्रिम टॅब (मागच्या कडेच्या कोन बदलता येणाऱ्या पट्ट्या) बघा. बॅटरी बॉक्स थोडा पुढे सरकवूनही बराच फरक पडतो.

बोट आणायला पोहत जाणं

बंद पडलेली बोट डोळ्यांसमोर असते, हाताच्या अंतरावर वाटते, आणि माणूस पाण्यात उतरतो. थंड पाणी, शेवाळ, अंगावरचे कपडे यांनी पोहता येणाऱ्याचाही जीव जातो. लाइफ जॅकेट घालून वल्ह्याच्या छोट्या होडीतून जा, आणि तेव्हा पाण्यावर दुसरी कुठलीही रिमोट बोट चालू नको. होडी नसेल तर वारा बोटीला काठाला लावेपर्यंत थांबा.

पेट्रोल भरताना बोटीचं झाकण उघडं ठेवा आणि सुरू करण्याआधी पोटातली वाफ निघू द्या. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी टाकलं की आग तरंगत पसरते, म्हणून सोबत कोरड्या पावडरचा अग्निशामक ठेवा.

घरी नेण्याआधी

टाकी रिकामी करा आणि उरलेल्या पेट्रोलवर इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते बोट पाण्यात ठेवूनच चालवा, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. टेप काढा, आतलं पाणी ओता, झाकण रात्रभर उघडं ठेवा. केबल काढून ग्रीस लावा. प्लगच्या छिद्रात थोडं टू-स्ट्रोक तेल टाकून दोरी दोनदा सावकाश ओढा आणि प्लग परत लावा. रडर आणि स्ट्रटचे स्क्रू एकदा हाताने चाचपा, कंपनाने ते ढिले होतात.