ओमाहात पहिले चार पत्ते बघून होणाऱ्या चुका, आणि आमच्या दाजींचे दोन एक्के

मागच्या हिवाळ्यात परभणीकडं ताईच्या शेतात हुरड्याला गेलो होतो, आगटीवरची कणसं चोळून चोळून हात काळे झाले, दही-चटणी झाली आणि मग सतरंजी टाकून पत्ते निघाले. तीन पत्ती आणि रमीचा सगळ्यांनाच कंटाळा आलेला म्हणून मी ओमाहा शिकवला, म्हणजे पोकरचाच एक प्रकार: प्रत्येकाच्या हातात चार पत्ते, खाली सगळ्यांचे मिळून पाच. पैसे नाहीत, प्रत्येकाला मोजून २०० चिंचोके. (ऑनलाइन पैसे लावून खेळायचं तर २०२५ च्या ऑगस्टात केंद्राचा कायदा आल्यापासून विषयच संपलाय, त्यामुळं हे सगळं घरच्या घरी खेळणाऱ्यांसाठी लिहितोय.)

तिसऱ्याच डावात दाजींच्या हातात आले एक्का, एक्का, सत्ती, दुर्री. चारही वेगवेगळ्या रंगाचे. दाजी असे खूश की पत्ते छातीशी धरून बसले आणि जमेल तेवढे चिंचोके आत ढकलले. समोर त्यांचाच पोरगा, म्हणजे माझा भाचा, त्याच्याकडं ८-७-६-५, त्यात ८-७ बदामचे आणि ६-५ इस्पिकचे. खाली पाच पत्ते आले ते असे: इस्पिकचा राजा, नव्वी, चौकी, गुलाम, आणि शेवटी चौकट तिर्री. दाजी ओरडले, "कलर! एक्क्याचा कलर हाय माझा!" चिंचोके ओढायलासुद्धा लागले.

"दाजी, थांबा, तुमच्या हातात इस्पिकचं पान एकच आहे."

"मग? खाली चार हायेत की!"

इथंच पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. ओमाहात हातातले बरोबर दोन आणि खालचे बरोबर तीन पत्ते घ्यायचे, एक-चार चालत नाही आणि तीन-दोनही चालत नाही. होल्डममधून (हातात दोनच पत्ते असतात तो पोकर) आलेला माणूस हे ऐकतो, मान हलवतो आणि दहा मिनिटात विसरतो. दाजींकडं शेवटी काय उरलं तर एक्क्याची जोडी. पोराकडं इस्पिकचा कलर, राजा-गुलाम-९ खालचे आणि ६-५ हातातले. पप्पांचे अर्धेअधिक चिंचोके त्यानं गोळा केले, आणि ताई म्हणली आता घरी जाऊन भांडू नका.

आता हात कसा तोलायचा ते याच नियमातून निघतं, म्हणून आधी तो सांगितला. दोनच पत्ते वापरायचेत म्हणजे हातातल्या चार पत्त्यांच्या सहा जोड्या होतात आणि तुमचा हात म्हणजे त्या सहा जोड्या, चार पत्ते नव्हेत. दाजींचा हात असा मोजा: एक्का-एक्का ही एक भारी जोडी. एक्का-सत्ती दोनदा, एक्का-दुर्री दोनदा, यांना ना रंग ना सिक्वेन्सचा धड आधार. (एक्का-दुर्रीचा सिक्वेन्स व्हायला खाली ३-४-५ च पडावं लागतं.) आणि सत्ती-दुर्रीचं तर नावच काढू नका. सहापैकी एकच कामाची. पोराच्या हातात सहाच्या सहा जोड्या सिक्वेन्सकडं ओढायलेल्या आणि वर दोन रंग. होल्डममध्ये दोन एक्के ८-७ एका रंगाच्या पुढं चारात तीनदा जिंकतात, ओमाहात दाजींच्या त्या हाताचा आणि पोराच्या हाताचा सुरुवातीचा हिशोब जवळपास निम्मा-निम्माच येतो. दाजींना हे आजही पटत नाही, ते म्हणतात पोरानं पत्ते नीट पिसले नव्हते.

एक्के वाईट असतात असं म्हणत नाहीये मी. ओमाहात ३९ हातात एकदा दोन एक्के येतात, होल्डममध्ये २२१ हातात एकदा, म्हणजे इथं ते तितके दुर्मिळही नाहीत. फरक पडतो बाकीच्या दोन पत्त्यांनी. एक्का-एक्का-राजा-राजा दोन रंगात हा सगळ्यात वरचा हात, त्याच्या पाठोपाठ एक्का-एक्का-गुलाम-१० दोन रंगात. हा दुसरा हात घेऊन सहा जोड्या मोजून बघा: एक्क्यांची जोडी, दोन्ही एक्क्यांना आपापल्या रंगाचा जोडीदार, म्हणजे दोन रंगात सगळ्यात मोठा कलर, आणि गुलाम-१० चा सिक्वेन्स. एकही जोडी रिकामी बसलेली नाही.

रिकामं बसणाऱ्या पत्त्याला आमच्यात 'जावई' म्हणतात. गुलाम-१०-९ सोबत दुर्री आली की ती दुर्री जावई: ताटावर बसते, औताला हात लावत नाही. सहापैकी तीन जोड्या तिथंच गेल्या, म्हणजे तुम्ही बाकीच्यांच्या सहा जोड्यांपुढं तीन घेऊन बसलात. बरेच जण म्हणतात तीन तर भारी आहेत ना, खेळू, आणि मग का हरायलोय ते कळत नाही. (हे नाव दाजींसमोर घेतलं तेव्हा शांतता पसरली होती, मी लगेच विषय बदलला.)

आता एक चूक जी मी स्वतः वर्षभर केली. एकसारखे तीन पत्ते आले की भारी वाटायचं. ८-८-८-राजा. तीन पत्तीत ट्रेल बघून वाढलेला माणूस मी, आनंद होणारच. पण वापरता येणार दोनच अठ्ठ्या, तिसरी हातात अडकून बसली आणि गड्डीत उरली फक्त एक. साध्या जोडीला फ्लॉपवर (खालच्या पहिल्या तीन पत्त्यांवर) सेट, म्हणजे तीन सारखे, लागायची शक्यता आठात एकदा असते, इथं तुम्ही स्वतःच्याच हातानं ती निम्मी केली. चार एक्के हातात आले तर फोटो काढा आणि टाकून द्या, गड्डीत एक्काच उरला नाही.

रंगाचंही तसंच. चारही बदामचे आले की नवीन माणूस म्हणतो कलर पक्का. उलट आहे. हातात दोन बदाम असतील तर बाहेर ११ बदाम, चार असतील तर बाहेर ९ आणि हातातले जास्तीचे दोन काही कामाचे नाहीत. त्यापेक्षा दोन बदाम दोन किलवर असा हात कितीतरी बरा. पण नुसतं डबल सूटेड (असं दोन-दोन रंगात) आहे म्हणून कायपण खेळायचं नाही, रंगातला वरचा पत्ता कोणता ते बघा. पोराचा त्या दिवशीचा ६-५ चा कलर जिंकला खरा, पण पाच-सहा जण खेळायलेत आणि प्रत्येकाच्या हातात सहा जोड्या आहेत तेव्हा तुमच्यापेक्षा मोठा कलर कुणाकडं तरी असतोच असं धरून चालायचं. छोटा कलर लागला नाही तर थोडे चिंचोके जातात, लागला की सगळे जातात.

लागोपाठच्या पत्त्यांकडं मात्र लोक फार कमी लक्ष देतात, आणि ओमाहाची खरी मजा तिथंच आहे. समजा हातात गुलाम-१०-७-६ आणि फ्लॉप ९-८-२. आता मोजा: राणी आली तर सिक्वेन्स, पंजी आली तर सिक्वेन्स, हे झाले चार-चार आठ. गुलाम, १०, ७, ६ यातलं काहीही आलं तरी सिक्वेन्स, प्रत्येकी तीन-तीन, ते बारा. एकूण २० पत्ते. होल्डममध्ये दोन्ही टोकं उघडी असली तरी ८ च पत्ते मिळतात. याला रॅप म्हणतात. वीसचे वीस नट (सगळ्यात वरचा हात) नाहीत बरं का, गुलाम पडला तर राणी-१० वाला तुमच्या वर बसतो. तरीपण असा फ्लॉप पकडणारा हात टाकणारे आणि राजा-राजा-८-३ चार रंगात घेऊन पॉट (मधल्या ढिगाएवढं) मारणारे मी दर रविवारी बघतो.

यात एक बारीक गोष्ट आहे, मधे खाच असेल तर ती खाली असलेली बरी. गुलाम-१०-९-७ चांगला, गुलाम-९-८-७ त्याच्यापेक्षा कच्चा, कारण खाच वर असली की सिक्वेन्स लागतो पण खालच्या टोकाचा लागतो. ८-७-६-५ चं दुखणं पण तेच, खाली गुलाम-१०-९ पडले तर तुमचा सिक्वेन्स झाला खरा, पण राणी-८ वाला वर आणि राजा-राणी वाला त्याच्याही वर.

छोट्या जोड्या, ४-४-३-३ वगैरे, लांबून नमस्कार. सेट लागला तरी मोठ्या सेटखाली चिरडतात.

आणि एक्के आल्यावर किती वाढवायचं? पॉट लिमिट आहे, मधल्या ढिगाएवढंच वाढवता येतं, मनात येईल तेवढं ढकलता येत नाही. ब्लाइंड (पत्ते बघायच्या आधी दोघांनी टाकायचे) १ आणि २ चिंचोक्यांचे असतील तर पहिला जास्तीत जास्त रेझ ७ चा, त्यावर दुसरा जास्तीत जास्त २४ चा. २०० पैकी २४ गेले, १७६ हातात, आणि तुमच्याकडं एक्के आहेत हे पूर्ण सतरंजीला कळलं. मग फ्लॉपवर ९-८-७ पडलं की घाम. म्हणून दाजींसारखे सुके एक्के असतील तर मी परत वाढवतो ते फक्त तिसरा हिस्सा तरी चिंचोके लगेच आत जात असतील तेव्हा, नाहीतर गुपचूप कॉल करून (समोरच्याएवढेच टाकून) फ्लॉप बघतो.

हाय-लो (अर्धा ढीग सगळ्यात मोठ्या हाताला, अर्धा सगळ्यात लहान म्हणजे लो हाताला) खेळत असाल तर वरची अर्धी यादी विसरा. तिथं सगळ्यात वरचा हात एक्का-एक्का-२-३ दोन रंगात. लो व्हायला खाली ८ किंवा त्याच्या आतले वेगवेगळे तीन पत्ते लागतात, एक्का-दुर्री असेल आणि खाली दुर्री पडली तर हातातली दुर्री मेली, म्हणून सोबत तिर्री पाहिजे. ९-८-७-६ जो साध्या ओमाहात देखणा हात तो इथं फार कामाचा नाही. आणि आजकाल पोरं पाच पत्त्यांचा खेळतात त्यात सहाच्या दहा जोड्या होतात, तिथं सुके एक्के अजूनच सुकतात.

यादी पाठ करायच्या भानगडीत पडू नका. ओमाहात सुरुवातीचे हात २,७०,७२५ होतात, होल्डममध्ये १,३२६. त्यापेक्षा लाइट गेल्यावर किंवा जेवण झाल्यावर गड्डी घ्या, चार पत्ते वाटा आणि सहाही जोड्या तोंडानं म्हणा, ही काय करते, ही काय करते, रंग किती, वरचा पत्ता कोणता, जावई आहे का. पन्नास हात केले की डोळा बसतो. नंतर मोबाइलवर ऑड्स कॅल्क्युलेटरमध्ये (जिंकायची शक्यता काढून देणारं ॲप) दोन हात समोरासमोर टाकून आपला अंदाज किती चुकला ते बघा, मला त्यातूनच कळलं की मी जोडीला फार भाव द्यायचो.

दाजींनी परवा फोटो पाठवला, राणी-राणी-गुलाम-९, दोन रंगात, खाली लिहिलेलं "सहापैकी सहा, जावई नाही. खेळू का?" मी विचारलं बसलात कुठं, पहिल्यांदा बोलायचंय का शेवटी? अजून उत्तर नाही, बहुतेक खेळून मोकळे झालेत.