स्टील गिटारचा डावा हात

बेळगावात हवाईयन गिटार, म्हणजेच स्टील गिटार, शिकायला येणारा बहुधा आधी साधी गिटार वाजवून आलेला असतो. तार दाबायची सवय बोटांत पक्की मुरलेली, आणि मांडीवर आडवी ठेवायच्या या गिटारला नेमकी तीच नडते. इथे तार बोटाने दाबायची नसते, डाव्या हातातला धातूचा बार तारांवरून सरकवायचा असतो. नटपाशी, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाच्या पट्टीपाशी, तारा उंच उचललेल्या असतात, त्या पडद्यांना, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्यांना, टेकतच नाहीत. पडदे नुसते खुणेपुरते. जोर लावला की तार वाकते, ताण वाढतो आणि सूर चढतो. मूठ आवळलेली दिसली की आमचे सर विचारायचे, "काय रे, बार पळून जाऊलाय काय?"

बारसाठी पोकळ नळीचा तुकडा घेऊ नका. उद्यमबाग या आपल्या औद्योगिक वसाहतीत लेथवाल्याला सांगून पाऊण इंच जाडीचा, तीन इंच लांबीचा भरीव स्टेनलेस स्टीलचा बार कातून घ्या. एक टोक गोल आणि बफिंग लख्ख हवं. असा बार साधारण १७० ग्रॅम भरतो. तारांवर टेकायला तेवढं वजन पुरे. बोटांनी त्याला फक्त वळण द्यायचं.

अंगठा बारच्या ब्रिजकडच्या, म्हणजे तारांच्या दुसऱ्या टोकाकडच्या अंगाला, मधलं बोट नटकडच्या अंगाला, तर्जनी वरून सरळ. ही तीन बोटं सगळेच लवकर शिकतात. राहून जातात ती अनामिका आणि करंगळी. त्यांनी बारच्या मागे, नटच्या बाजूला, तारांवर हलकं पडून राहायचं आणि बारबरोबर सरकायचं. ती वर उचलून एकदा मींड घेऊन, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊन बघा: बारच्या मागचा तारेचा तुकडाही वाजायला लागतो आणि सुराखाली किरकिर ऐकू येते. बोटं पुन्हा टेकवा, आवाज स्वच्छ. माझ्या मते पहिले काही आठवडे गाणं बाजूला ठेवून एवढंच घोटावं. पालकांना हे पटत नाही, त्यांना गणपतीपर्यंत गाणं हवं असतं.

बार पडद्याच्या पट्टीच्या बरोबर वर आणि तिला समांतर हवा, दोन पट्ट्यांच्या मध्ये नव्हे. बघायचं सरळ वरून. तिरकं बघितलं की डोळा फसवतो. ६५० मिलिमीटरच्या तारेवर नटपासून पहिला पडदा सुमारे ३६ मिलिमीटरवर असतो, तर बाराव्यापासून तेरावा जेमतेम १८ वर. म्हणजे वरच्या सप्तकात हात तेवढाच हलला तरी सूर दुप्पट ढळतो.

तानपुऱ्याच्या साथीने वाजवणार असाल तर डोळ्यांपेक्षा कानावर भिस्त ठेवा. उघडी तार षड्ज धरली तर शुद्ध गंधार चौथ्या पडद्यावर नाही, त्याच्या सुमारे चार मिलिमीटर अलीकडे, नटच्या बाजूला लागतो. पंचम सातव्यावर जवळजवळ बरोबर येतो. पट्टीवर पंचम लागला म्हणून गंधारही पट्टीवरच शोधणारे बेसूर होतात आणि दोष गिटारला देतात. गिटारवर शास्त्रीय संगीत वाजवणाऱ्या ब्रिजभूषण काबरांची आलापी ऐकताना गंधारावर बार कसा येऊन थांबतो, तेवढंच लक्ष देऊन ऐका.

आपल्याकडच्या पावसात तारा लवकर गंजतात आणि गंजक्या तारेवर बार अडतो. रोज वाजवून झालं की तारा आणि बार सुती कापडाने पुसा.

भजनात मात्र हार्मोनियमची साथ असते, आणि बहुतेक पेट्यांचा गंधार समान स्वरांतरांचा, म्हणजे चढा. तिथे हट्ट न करता बार पुन्हा पट्टीवर आणा.