युरोपात इंग्रजी शिकवायला जाताना: आधी पगाराचा हिशेब

फ्रेंच शिकणारे विद्यार्थी दरवर्षी माझ्याकडे येतात आणि विचारतात, "युरोपात इंग्रजी शिकवायला गेलो, तर महिन्याला किती मिळतील?" तयारीची सुरुवात हा प्रश्न सुधारून घेण्यापासून करावी, असे माझे मत आहे. महिन्याला किती मिळतील, हे विचारताना वर्षातले किती महिने मिळतील, कपात होऊन हातात किती येतील आणि पहिला पगार होईपर्यंत पदरचे किती घालावे लागतील, हेही विचारायला हवे. जाहिरातीतला आकडा यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही.

सर्वप्रथम आपला पासपोर्ट काय मुभा देतो, ते पाहावे. भारतीय पासपोर्टधारकाला युरोपीय संघातील देशात नोकरी करण्यासाठी कामाचा परवाना लागतो. खासगी भाषासंस्थांना हा खटाटोप सहसा नको असतो, त्यामुळे त्या आयर्लंडच्या किंवा युरोपातच राहणाऱ्या उमेदवारांना आधी घेतात. शिवाय 'मातृभाषा इंग्रजी असणारेच हवेत' हा आग्रह अजून सर्रास दिसतो. तो अन्यायकारक आहे, पण अर्ज करताना तो लक्षात ठेवावाच लागतो. गोव्यातील वाचकांसाठी एक वेगळी वाट आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या वंशजांपैकी ज्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले आहे, त्यांना संघातील कोणत्याही देशात परवान्याविना काम करता येते. भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नसल्याने त्यासाठी भारतीय नागरिकत्व सोडावे लागते, आणि हा निर्णय केवळ एका नोकरीसाठी घेण्याजोगा नाही.

भारतीय पासपोर्टवर सर्वांत सरळ वाट फ्रान्सच्या सरकारी शाळांतील भाषा-साहाय्यकाची आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. अर्ज आदल्या हिवाळ्यात करायचा असतो आणि फ्रेंच साधारण बी१ (युरोपीय मोजपट्टीवरील मध्यम) पातळीचे यावे लागते. करार बहुधा १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल असा सात महिन्यांचा असतो आणि आठवड्याला १२ तास शिकवायचे असते, कधी एका शाळेत, तर कधी दोन-तीन शाळांत मिळून. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने मला पगाराच्या पावतीचे छायाचित्र पाठवले. वरच्या ओळीत 'ब्रुत', म्हणजे कपातीपूर्वीचा पगार, म्हणून हजार युरोंच्या आसपासचा आकडा होता, त्याखाली सामाजिक सुरक्षेच्या कपातींच्या बारीक अक्षरांतल्या ओळी होत्या आणि तळाशी 'नेत', म्हणजे हातात येणारी रक्कम, म्हणून ८०० च्या थोडा वर आकडा होता. ती पावती मी आता प्रत्येक नव्या उमेदवाराला तिच्या परवानगीने दाखवतो. सात महिन्यांचे मिळून साधारण ५,६०० युरो होतात. युरो १०० रुपयांचा धरला, तर ही रक्कम साडेपाच लाखांच्या पुढे जाते आणि ऐकणाऱ्याला मोठी वाटते. पण खर्च युरोंत होणार असल्यामुळे हिशेबही युरोंतच करावा.

तो हिशेब असा मांडावा. छोट्या शहरात सामायिक घरातील खोलीला ४०० युरो धरले, तर उरलेल्या ४०० मध्ये किराणा, बसचा पास, फोन आणि पूरक आरोग्यविमा बसवून महिन्याअखेर शंभरेक युरो शिल्लक राहतात. पॅरिस किंवा त्याच्या उपनगरांत नेमणूक झाली, तर खोलीचे भाडेच बहुतेक पगार खाऊन टाकते. म्हणून अर्जात प्रदेशांची पसंती भरताना केवळ नावाजलेली शहरे लिहू नयेत. लहान गावातल्या लिसेमध्ये (उच्च माध्यमिक शाळेत) पैसे पुरतात आणि फ्रेंचही अधिक बोलावे लागते. सुट्ट्यांचा पगार कापला जात नाही, ही खरोखर चांगली बाजू आहे. मात्र व्हिसा त्या नोकरीपुरता दिलेला असतो, म्हणून खासगी शिकवण्यांची कमाई जमेच्या बाजूला धरू नये.

घर घेताना सजवलेल्या खोलीसाठी घरमालक दोन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागू शकतो आणि फ्रान्समध्ये पगार असणारा जामीनदारही मागतो. ३० वर्षांपर्यंतच्या भाडेकरूंसाठी 'व्हिझाल' ही मोफत हमी उपलब्ध आहे. व्हिसा हातात पडताच तिचा अर्ज भरावा. बँकेला घराचा पत्ता हवा असतो आणि घरमालकाला बँकखाते, त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात माणूस या दोहोंमध्ये अडकतो. तेवढ्या काळासाठी तात्पुरत्या निवासाची सोय इथूनच करून जावे. शाळेत रुजू झाल्याच्या कागदावर पहिल्याच दिवशी सही करावी आणि २७ अंकाक्षरी खातेक्रमांक असलेला बँकेचा 'रिब' (खात्याच्या तपशिलाचा कागद) लगेच कार्यालयात द्यावा. यांपैकी काही राहिले, तर ऑक्टोबरचा पगार नोव्हेंबरवर जातो. दीर्घ मुदतीच्या व्हिसाचे ९९ युरो, विमानाचे तिकीट आणि कागदपत्रांचा खर्च वेगळा ठेवून किमान १,५०० ते २,००० युरो जवळ असल्याशिवाय निघू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त वेळ जन्मदाखला खातो. आपल्याकडच्या अनेक जुन्या दाखल्यांवर बाळाचे नावच नसते. ते नगरपालिकेकडून लावून घ्यावे लागते. नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही आपली पद्धत फ्रेंच कार्यालयांना परिचित नाही, म्हणून दाखला, पदवी आणि पासपोर्ट यांवरील नावांचे स्पेलिंग अक्षरशः एकसारखे आहे का, ते जूनमध्येच तपासावे. भारत २००५ पासून अपोस्टिल (कागदपत्रे परदेशात ग्राह्य ठरवणारा शिक्का) करारात असल्याने परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल चालतो, पण पदवी आधी राज्य सरकारच्या विभागाकडून साक्षांकित करून घ्यावी लागते.

स्पेनमधील खासगी संस्थेचा प्रस्ताव आला, तर दोन गोष्टी लेखी विचाराव्यात. पहिली, वार्षिक पगार १२ हप्त्यांत विभागला आहे की १४, कारण तिथे १४ हप्त्यांची प्रथा आहे आणि २०२५ चे किमान वेतनही १,१८४ युरोंचे १४ हप्ते असेच सांगितले जाते. दुसरी, करार हंगामी पुनरावृत्तीचा, म्हणजे दरवर्षी ठरावीक हंगामापुरतेच काम देणारा, आहे का; तसा असेल, तर उन्हाळ्यात वर्ग नाहीत आणि पगारही नाही.

जर्मनीत शिकवण्याचे बरेचसे काम आपल्याकडच्या तासिका तत्त्वासारखेच असते आणि तिथला ताशी दर ऐकून फसगत होण्याचा संभव जास्त. एक तासिका ४५ मिनिटांची असते. समजा, तासिकेला २५ युरो, आठवड्याला २० तासिका आणि वर्षात ३६ आठवडे मिळाले, तर एकूण १८,००० युरो होतात. स्वतंत्रपणे शिकवणाऱ्यावर निवृत्तिवेतन विमा कायद्याने बंधनकारक आहे आणि त्याचे १८.६ टक्के संपूर्णपणे त्यालाच भरावे लागतात. ते ३,३४८ युरो झाले. आरोग्य आणि शुश्रूषा विम्याला ढोबळमानाने पाचवा हिस्सा, म्हणजे ३,६०० युरो धरावेत. उरलेल्या रकमेला १२ ने भागले, की महिन्याला सुमारे ९२० युरो येतात, आणि घरभाडे त्यातूनच द्यायचे असते. काम सुरू केल्यापासून तीन महिन्यांत निवृत्तिवेतन संस्थेकडे नोंदणी करावी लागते. ती टाळणाऱ्यांना पुढे मागील काही वर्षांची थकबाकी एकरकमी भरावी लागते, म्हणून हा खर्च पहिल्या दिवसापासून बाजूला काढावा. २०२२ मध्ये तिथल्या संघीय सामाजिक न्यायालयाने एका संगीतशाळेतील शिक्षिकेला स्वतंत्र न मानता कर्मचारी मानले. तेव्हापासून अशा करारांची छाननी वाढली आहे, त्यामुळे जुन्या शिक्षकांनी सांगितलेल्या अटी आजही तशाच असतील, असे गृहीत धरू नये.

चांगला पगार हवा असणाऱ्यांनी बी.एड. आणि काही वर्षांच्या अनुभवासह आंतरराष्ट्रीय शाळांकडे पाहावे. जागा थोड्या असतात, पण पगार बाराही महिने मिळतो आणि परवान्याची जबाबदारी बहुधा शाळाच घेते.

परतताना शाळेकडून अनुभवाचे पत्र घ्यावे, शेवटचा पगार जमा होईपर्यंत तिथले खाते बंद करू नये आणि पगाराच्या सगळ्या पावत्या जपून ठेवाव्यात, कारण फ्रान्समधल्या त्या सात महिन्यांची निवृत्तिवेतनासाठीची नोंद पुढे कधी तपासायची झाली, तर पुरावा म्हणून त्याच लागतील.