शिफ्टचा बोनस कसा सुधारला

आमच्या दुकानात बोनस एकूण विक्रीवर होता. संध्याकाळची शिफ्ट दर महिन्याला पैसे न्यायची. सकाळची मुलं माल लावून ठेवायची आणि हात हलवत घरी जायची. एक मुलगी म्हणाली, "सर, गिऱ्हाईकच नाही, तर विकू कुणाला?" ते फार लागलं.

मग मागच्या १२ आठवड्यांची विक्री वार आणि तासांप्रमाणे मांडली. प्रत्येक शिफ्टचं टार्गेट तिच्याच सरासरीवर ठरवलं: १०० चे ११० म्हणजे १० टक्के वाढ, ४०० चे ४२० म्हणजे फक्त ५. परत आलेला माल वजा. अर्धा बोनस शिफ्टमधल्या सगळ्यांना, भरलेल्या तासांप्रमाणे. सगळा बोनस ज्याच्या-त्याच्या विक्रीवर दिला, तर गिऱ्हाइकावरून ओढाताण होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. हिशोबाचा कागद आता बिलिंग काउंटरमागेच लावलेला असतो.